‘फुटबॉलवाल्या’ विद्यापीठात मुलाला पाठवावं का?

न्यू जर्सीत वीस वर्षं राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा बारावीत आहे आणि त्याला मेकॅनिकल इंजिनीअरिंग करायचंय. दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक दक्षिणेतलं मोठं सरकारी विद्यापीठ. तिथल्या फुटबॉल संघाचं नाव देशभर आहे. मुलाच्या गुणांवर घसघशीत शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे राहण्याजेवण्यासकट वर्षाला साधारण ३० हजार डॉलर भरावे लागतील. दुसरं ईशान्येकडचं छोटं खासगी विद्यापीठ. रँकिंगमध्ये पुष्कळ वर, फुटबॉलचा संघच नाही, आणि खर्च वर्षाला ८५ हजार डॉलर. मुलाचं मन पहिल्यात अडकलंय. तो खेळाडू नाही, पण शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ड्रम वाजवतो आणि गणपतीत तिथल्या पथकात ताशा. बाबांचा ठाम विरोध आहे. ते स्वतः मिडवेस्टातल्या एका मोठ्या विद्यापीठातून एमएस झाले. तिथे शिकवण्याचं सहायकाचं काम करताना मॅचनंतरच्या सोमवारी वर्गात डुलक्या घेणारी मुलं त्यांनी पाहिलीत. त्यात मंडळाच्या कार्यक्रमात एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, “अरे, ते तर फुटबॉलचं कॉलेज!” तेव्हापासून घरात या विषयावर धड बोलणं होत नाही. १ मेपर्यंत कळवायचंय. आई विचारतात: फुटबॉलमुळे विद्यापीठाची शैक्षणिक पत खालावते का? आणि मुलाचं ऐकलं तर आम्ही त्याचं नुकसान करू का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत आणि घरातला अबोला बहुधा त्या गुंत्यातून आलाय. फुटबॉलमुळे विद्यापीठाची पत खालावते का, हा एक. त्या वातावरणात तुमच्या मुलाचा अभ्यास होईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुमच्या मनासारखं आलं, तरी दुसऱ्याचं येईलच असं नाही. मुलगा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि त्याचे बाबा दुसऱ्याचं. म्हणून दोघांनाही वाटतं की समोरचा ऐकतच नाही.

महाराष्ट्रात बसून हे सदर वाचणाऱ्यांसाठी थोडा खुलासा. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल; लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, आणि चेंडू बहुतेक वेळ हातात. विद्यापीठांचे हे सामने आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसारखे नसतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांवर माणसं बसतात. कितीतरी राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा तिथल्या सरकारी विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो. एवढा पैसा आणि एवढी गर्दी पाहिली की इथे अभ्यासाला कोण विचारतंय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं.

शिकागो विद्यापीठाची गोष्ट नीट समजली तेव्हा माझं मत बदललं. ती जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या घरातल्या वादातल्या दोन्ही बाजू तिच्यात आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोचा संघ बलाढ्य होता. अमोस अलोंझो स्टॅग हे त्याचे प्रशिक्षक. मैदानही त्यांच्याच नावाचं, स्टॅग फील्ड. १९०५ साली हा संघ देशात अव्वल मानला गेला. दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, त्याच विद्यापीठातल्या अल्बर्ट मायकेलसन यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. विज्ञानाचं नोबेल मिळवणारे ते पहिले अमेरिकन. पुढे हाइजमन करंडक म्हणून प्रसिद्ध झालेला सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार १९३५ साली पहिल्यांदा दिला गेला, तोही शिकागोच्याच जे बरवँगरला. आणि १९३७ साली आपले खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर तिथे रुजू झाले.

तोवर संघाची रया गेली होती. १९३९ च्या हंगामात मिशिगनने त्यांना ८५–० असं हरवलं. विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना फुटबॉलचा हा सगळा व्याप विद्यापीठाच्या कामाशी विसंगत वाटत होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी फुटबॉल बंद केला. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ रोजी, त्याच ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडच्या गॅलरीखाली भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाने घडवलेली पहिली स्वयंपोषी, म्हणजे सुरू झाल्यावर आपोआप चालू राहणारी, अणुसाखळी प्रक्रिया करून दाखवली. पुढे गॅलऱ्या पाडल्या. आज त्या जागेवर विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय उभं आहे.

मुलाच्या बाबांना ही गोष्ट फार आवडेल. मैदान गेलं आणि ग्रंथालय आलं! पण ताई, सालं पुन्हा एकदा वाचा. अजिंक्य संघ आणि नोबेल यांच्यात दोन वर्षांचं अंतर आहे. चंद्रशेखर आले तेव्हा फुटबॉल चालू होता. शिकागोतली विद्वत्ता फुटबॉल जाण्याची वाट पाहत बसली नव्हती. तिथल्या प्राध्यापकांच्या नेमणुका आणि प्रयोगशाळांवरचा खर्च हा पहिल्यापासून वेगळ्याच निश्चयाने चालत आला होता.

आणि गोष्ट इथे संपत नाही. शिकागो ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेतून १९४६ साली बाहेर पडलं. ती रिकामी जागा १९४९ मध्ये मिशिगन स्टेटला मिळाली. १८५५ साली कृषी महाविद्यालय म्हणून निघालेली ती संस्था. तिचे अध्यक्ष जॉन हॅना यांनी फुटबॉलचा आधार घेऊन संस्थेचं नाव घरोघरी पोहोचवलं, आणि त्याच वर्षांत इमारती, वसतिगृहं, प्रयोगशाळा बांधत राहिले. १९५५ साली तिला विद्यापीठ हे नाव मिळालं. १९६४ साली देशातल्या अग्रगण्य संशोधन विद्यापीठांच्या संघटनेत तिला घेतलं गेलं. दुर्मीळ समस्थानिकांचा अभ्यास करणारा अमेरिकेचा मोठा कणत्वरक (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) २०२२ पासून तिथेच चालतो. एकाने फुटबॉलची खुर्ची सोडली, दुसऱ्याने ती घेतली, आणि अणुभौतिकीत दोघांचीही नावं आदराने घेतली जातात. फुटबॉलने पत घालवली असती किंवा मिळवून दिली असती, तर या दोघांच्या वाटा इतक्या जवळ आल्या नसत्या.

आणखी दोन गोष्टी, चटकन. आपल्याकडे ज्या ‘आयव्ही लीग’चं नाव आदबीने घेतात, ती मुळात खेळांच्या सामन्यांसाठी बांधलेली आठ विद्यापीठांची साखळी आहे. फक्त त्यांनी खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. दुसरी गोष्ट तर तुमच्या घराजवळची. विद्यापीठांमधला पहिला फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्सविकला झाला, रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात. तुमच्या मंडळात या दोन नावांना ‘फुटबॉलचं कॉलेज’ कुणी म्हणेल असं मला वाटत नाही.

मग फुटबॉल करतो तरी काय? तुमचा मुलगा ताशा वाजवतो, त्याला हे लगेच कळेल. ताशाची तर्री ऐकून रस्त्यावरचा माणूस मंडपाकडे वळतो. मूर्ती कशी घडवलीय ते आत गेल्यावरच दिसतं. फुटबॉल माणसांना वळवतो. नोव्हेंबर १९८४ मध्ये बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने मायामीविरुद्ध शेवटच्या क्षणी लांबवर चेंडू फेकून सामना जिंकून दिला. पुढच्या दोन वर्षांत त्या कॉलेजकडे येणारे प्रवेशअर्ज भराभर वाढले. ‘फ्लूटी परिणाम’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधल्या डग चंग यांनी २०१३ साली याचा हिशेब मांडला. मामुली संघ उत्तम झाला की अर्ज सुमारे १८ टक्क्यांनी वाढतात, असं त्यांना आढळलं. त्यांचं आणखी एक निरीक्षण तुमच्या वादात जास्त उपयोगी आहे: खेळाच्या यशाची ओढ कमी गुण असलेल्या मुलांना जास्त असते, पण हुशार मुलंही त्यातून सुटत नाहीत.

अर्ज वाढले म्हणजे रँकिंग चढतं असंही नाही. विद्यापीठांचे क्रमांक लावणाऱ्या युएस न्यूजच्या यादीतून अर्जदारांपैकी कितींना घेतलं हा निकष २०१८ सालीच काढून टाकला. त्या यादीत आजही २० टक्के वजन दुसऱ्या विद्यापीठांचे अध्यक्ष आणि अधिकारी काय मत देतात याला आहे. मत म्हणजे ऐकीव नावलौकिकच बराचसा. तेव्हा दोन विद्यापीठांच्या क्रमांकांतल्या अंतराकडे पाहताना ते मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या विभागातलं अंतर आहे असं धरून चालू नका.

वळवलेल्या माणसांचं पुढे काय करायचं, हे विद्यापीठावर असतं. तुम्ही लिहिलेल्या विद्यापीठाचं नाव मी इथे देत नाही, पण सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण अलाबामाचं आहे. निक सेबन २००७ साली तिथे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या हाताखाली संघाने सहा राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली. २००३ च्या सुमारास २० हजारांच्या आसपास असलेली विद्यार्थिसंख्या आज ४० हजारांच्या घरात आहे, आणि निम्म्याहून अधिक मुलं राज्याबाहेरची आहेत. लोक याचं श्रेय सेबनना देतात. पण विद्यार्थी वाढवायची आणि गुणवान मुलांना मोठ्या शिष्यवृत्त्या देऊन बाहेरून आणायची मोहीम तिथले अध्यक्ष रॉबर्ट विट यांनी २००३ पासूनच सुरू केली होती. फुटबॉलने त्या मोहिमेला वारं दिलं. तुमच्या मुलाच्या हातात आज जी शिष्यवृत्ती आहे, तिच्यामागे अशीच एखादी योजना असणार. विद्यापीठाला तुमच्यासारख्या घरातला मुलगा हवाय, आणि त्याची किंमत मोजायची त्याची तयारी आहे. यात तुमच्या मुलाची हुशारी आहे. उपकार कुणाचेच नाहीत.

आता मुलाच्या बाबांच्या बाजूने बोलते, कारण त्यांनी पाहिलं ते खोटं नाही. ओरेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे गुण आणि संघाचे निकाल तीन अर्थशास्त्रज्ञांनी एकमेकांशी ताडून पाहिले. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. संघ जास्त जिंकला त्या सत्रांत मुलांचे गुण मुलींच्या तुलनेत घसरलेले दिसले. विचारपूस केल्यावर पार्ट्या आणि दारू वाढते, अभ्यास कमी होतो, हे मुलांनी स्वतःच सांगितलं. सोमवारच्या वर्गातल्या डुलक्यांचा हा पुरावाच समजा. बाबांना हे परिच्छेद वाचून दाखवा. आपलं निरीक्षण कुणीतरी मानलं एवढ्यानेही बोलण्याचा सूर बदलतो.

याहून गंभीर गोष्टही घडलेली आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिलमध्ये अठरा वर्षं असे वर्ग चालले, जिथे तास होत नव्हते, फक्त एक निबंध द्यायचा आणि वर चांगली श्रेणी मिळायची. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले, त्यांत सुमारे निम्मे खेळाडू. खेळाडूंची पात्रता टिकावी म्हणून त्यांना तिकडे पाठवलं जात होतं. विद्यापीठाला मान्यता देणाऱ्या संस्थेने एक वर्ष परिवीक्षेवर ठेवलं. तरीही ते विद्यापीठ देशातल्या उत्तम सरकारी विद्यापीठांत गणलं जातं आणि तिथले वैद्यक, सार्वजनिक आरोग्याचे विभाग तितकेच मानाचे आहेत. मला या प्रकरणाचा राग येतो तो त्या खेळाडू मुलांसाठी. पदवी हातात पडली आणि शिक्षण मिळालं नाही. त्यांतली कितीतरी मुलं घरातून पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढलेली. ‘फुटबॉलमुळे विद्यापीठाची पत’ असं बोलताना खरा तोटा कुणाच्या वाट्याला येतो, ते आपल्यासारख्या घरांना सहसा दिसत नाही.

पैशाचं म्हणाल, तर जून २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. बड्या संघांकडे दूरचित्रवाणीचं उत्पन्न आहे. मधल्या फळीतल्या विद्यापीठांकडे ते नाही, आणि तिथे खेळांचा खर्च बऱ्याचदा विद्यार्थ्यांच्या फीमधून भागवला जातो. तेव्हा कोणत्याही विद्यापीठाचं फीपत्रक मागवलंत की त्यात अ‍ॅथलेटिक्ससाठी वेगळी रक्कम आहे का ते बघा. पुण्या-नाशिकहून मुलांना एमएसला पाठवणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. बाकी एमएसच्या विद्यार्थ्याला फुटबॉलचा उपद्रव फार तर मॅचच्या दिवशी पार्किंग न मिळण्याइतकाच.

आता तुमचा लेक. मी काही वर्षं एका मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांची सल्लागार होते. हंगामात घरच्या मैदानावर सहा-सात सामने होतात, म्हणजे वर्षातले सहा-सात शनिवार. तेवढ्याने कुणाचं इंजिनीअरिंग बुडताना मी पाहिलं नाही. बुडत ती मुलं, ज्यांचा शनिवार गुरुवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारी रात्री संपायचा, आणि त्यांना हाक मारणारं कुणी नसायचं. बँडमधल्या मुलांचं वेगळं होतं. सरावाला वेळेवर यावं लागतं, उन्हात उभं राहावं लागतं, न आल्यास शेजारचा वादक विचारतो. हजारोंच्या विद्यापीठात पहिल्या आठवड्यातच ज्याला आपली माणसं मिळतात, तो मुलगा सहसा सावरून राहतो. तुमच्या मुलाने ते विद्यापीठ निवडलं यात फुटबॉलपेक्षा बँडचा वाटा मोठा असावा अशी माझी अटकळ आहे. त्याला विचारा. बाबांसमोर विचारा.

मात्र बँडला वेळ लागतो, हे त्यालाही कळायला हवं. बहुतेक ठिकाणी वर्ग सुरू होण्याआधी ऑगस्टमध्ये शिबिर असतं आणि हंगामात आठवड्यातले बरेच दिवस सराव. त्याने स्वतः बँडच्या कार्यालयाला मेल करून सरावाच्या वेळा मागवाव्यात, आणि इंजिनीअरिंगच्या पहिल्या सत्रातल्या प्रयोगशाळांच्या वेळांशेजारी त्या मांडून दाखवाव्यात. तुम्ही हे करून देऊ नका. मेल पाठवायला त्याने चार दिवस लावले, तर तेही तुमच्या तिघांच्या लक्षात येईल.

भेट द्यायला जाल ती मॅचच्या शनिवारी नको. आता एप्रिलमध्ये मॅच नाहीतच, ते बरंच आहे. मंगळवारी किंवा बुधवारी जा. मेकॅनिकलच्या इमारतीत संध्याकाळी सातला दिवे किती खोल्यांत आहेत बघा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना विचारा की प्राध्यापकांना भेटायला किती थांबावं लागतं आणि उन्हाळ्यात इंटर्नशिप कुठे मिळाली. ऑनर्स कॉलेज (हुशार मुलांसाठीचा वेगळा विभाग) असेल तर त्यात विषय आधी निवडायची सवलत आणि छोटे वर्ग मिळतात का, तेही विचारा. अभ्यासक्रमाला अबेटची, म्हणजे इंजिनीअरिंगचे अभ्यासक्रम तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे का हे पाच मिनिटांत कळतं. कॉमन डेटा सेट या नावाने विद्यापीठं दरवर्षी जी माहिती देतात, तिच्यात वर्गांचा आकार आणि पहिल्या वर्षानंतर किती मुलं टिकली हे असतं. शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्डवर त्या-त्या शाखेच्या पदवीधरांची कमाई असते. हीच सगळी चौकशी छोट्या खासगी विद्यापीठाचीही करा, तितक्याच कडकपणे. संघ नाही म्हणून तिथे अभ्यास आहे, हे गृहीत धरलेलं आहे, तपासलेलं नाही. तपासल्यावर ते उजवं ठरूही शकतं. तुमचा मुलगा वर्गात हात वर करायला लाजत असेल आणि वीस जणांच्या वर्गात त्याची कळी खुलणार असेल, तर ती मोलाची गोष्ट आहे.

पण २ लाख २० हजार डॉलरच्या मोलाची? चार वर्षांतला फरक तेवढा आहे. त्या विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला दुसरीकडच्या शिष्यवृत्तीचं पत्र जोडून, रक्कम कमी होईल का असं नम्रपणे विचारा. अशी पत्रं त्यांना रोज येतात, त्यात कमीपणा नाही. उत्तर नकारार्थी आलं आणि दक्षिणेतला विभाग तपासणीत टिकला, तर मी तुमच्या जागी असते तर मुलाला दक्षिणेत पाठवलं असतं. धाकधूक वाटली असती, तरी पाठवलं असतं.

राहिले मंडळातले गृहस्थ. ते मनाने वाईट नसतील. पण त्यांना तुमचं कर्ज फेडायचं नाही आणि तुमच्या मुलाबरोबर चार वर्षं राहायचंही नाही. पुढच्या वेळी भेटले की मुलगा कुठे चाललाय हे सांगायला मुलालाच पुढे करा. आपण निवडलेल्या विभागाबद्दल तो दोन वाक्यं धड बोलू शकला, तर बाबांच्या मनातलं निम्मं ओझं तिथेच उतरेल.

आज रात्री एक करा. शिष्यवृत्तीचं पत्र काढा. ती चारही वर्षं टिकवायला किती जीपीए (सरासरी श्रेणी) लागतो आणि सत्राला किती क्रेडिट पूर्ण करावे लागतात, ते बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असेल. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात तो आकडा सांभाळणं सोपं नसतं. ते वाक्य मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि त्याच्या बाबांना शेजारी बसवा.